तबस्सुमची तिसरी कुंडी

"तिसरं! तबस्सुम, हे तिसरं झाड!"

"मोजता मलाही येतं, ताई. पाणी कुठलं घातलं ते सांगा."

"फिल्टरचं. आठवड्यातून दोनदा, एक गिलास. तूच सांगितलेलंस ना?"

"मग पानांच्या कडा पापडासारख्या का झाल्या?"

"वा! हे मी तुला विचारायचं की तू मला?"

जळगावातल्या तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, मेची दुपार. कूलर घोंघावतोय आणि दोघींच्या मध्ये कुंडीत कॅलेथिया उभं आहे. हिरव्यावर गुलाबी रेघा, पानं संध्याकाळी हात जोडल्यासारखी मिटणारी. निदान आणलं तेव्हा मिटायची.

सुलक्षणा सोफ्यावर बसलीय. तबस्सुम बसत नाही. ती कुणाकडेच बसत नाही. खोली पाहिल्याशिवाय रोप विकायचं नाही, हा तिचा हट्ट. आधी पडदे ओढते, मग उघडते. जमिनीवर हात धरून सावली बघते. बोटं वेगळी दिसली तर उजेड पुरतो, नुसता डाग पडला तर पुरत नाही. "दुपारी घरात कोण असतं? पंखा कुठे? मांजर आहे का?" गिऱ्हाईक वैतागतं, "अगं, झाड घ्यायचंय, स्थळ नाही बघायचं!" तिचं उत्तर ठरलेलं, "झाडालाही सासरीच जायचंय, बाई."

इथेही तिने असंच निवडलं होतं. खिडकी उत्तरेची, ऊन थेट येत नाही, आणि कूलरची ओल. जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात या पानाला एवढी ओल दुसरीकडे कुठे मिळणार? निवड चुकलीच नव्हती. मग?

ती तीनदा खिडकीपाशी गेली, तीनदा परत आली.

"फिरू नकोस गं, मला गरगरतं," सुलक्षणा म्हणाली. "इमारतीत बारा बिऱ्हाडं आहेत, सगळ्यांचा एक ग्रुप आहे. सगळ्यांना तुझं नाव मीच सुचवलं. आता मलाच हसतात."

तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. सुलक्षणा धावली.

तबस्सुमने मातीत बोट घातलं. वर पांढरा पापुद्रा. जिभेला लावला. खारट!

ही चव तिला लहानपणापासून ठाऊक. तिचे अब्बा फारुखभाई कूलर दुरुस्त करायचे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी अंगणात गंजक्या टाक्यांची रांग लागायची आणि तळाचा पांढरा थर खरवडायचं काम तिच्याकडे. बोअरचं पाणी उडून जातं, खार तळाशी उरतो. फुटक्या टाक्या अब्बा टाकून द्यायचे. तिने त्यांतच माती भरली, पहिली रोपं लावली. नर्सरी तिथून सुरू झाली.

कूलरमागून शालिग्रामनाना आले, सुलक्षणाचे सासरे. हातात बादली. तबस्सुमचं बोट पाहून थबकले.

"नाना," ती हळूच म्हणाली, "कूलरचं पाणी?"

"मंग? फुकट जावाले नको. सकायले बठ्ठा झोपेल ऱ्हातस, तवय घालस मी."

"सगळे झोपलेले असताना? रोज?"

"रोज!" नाना ताठ झाले. "बठ्ठी जिंदगी केळीना मळामा गई मनी. तू माले पानी शिकाडस का?"

"केळीला हे पाणी घातलं असतंत?"

नानांनी बादलीत पाहिलं. मग कुंडीत. जळकी कड दोन बोटांत धरली. ती चुरून खाली पडली.

पाचोऱ्याकडचा मळा सोडून ते मुलाकडे, भूषणकडे आले, त्याला दोन वर्षं झाली. इथे ते सोफ्यावरून उठले की मागून कुणीतरी कव्हर सारखं करतं. चहा विचारून मिळतो, काम विचारूनही मिळत नाही. ही एक बादली तेवढी त्यांची.

"सूनबाईले सांगशी का?" आवाज एकदम बारीक झाला.

"हे पाणी गेटजवळच्या कडुनिंबाला घाला, नाना. त्याला पचेल. आणि इथली पानं ओल्या फडक्याने पुसत जा. धूळ बसली की यांचा जीव—"

"काय कुजबुज चाललीय?" सुलक्षणा हात पुसत आली. "सापडलं कारण?"

नानांनी बादली पायामागे सरकवली.

"बोल ना. आमचं चुकलं की तुझं रोपच रोगट होतं? आमचं असेल तर स्पष्ट सांग, मी घरात विचारते एकेकाला. नाहीतर आत्ता ग्रुपवर टाकते, तबस्सुमकडून घेऊ नका म्हणून."

मोबाइल तिच्या हातातच होता. बारा बिऱ्हाडं. तबस्सुमची जीभ अजून खारट होती. तिने नानांकडे पाहिलं. नाना खिडकीबाहेर बघत होते.

"तबस्सुम, मी काहीतरी विचारतेय!"

तबस्सुमने कुंडी उचलली, कमरेवर घेतली, "रोपच रोगट होतं, ताई," म्हणाली, दारातल्या चपला पायाने चाचपल्या आणि जिना उतरू लागली.