दाराशेजारचा पंजा

खडवलीच्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत ओल धरून पोपडे सोडायला लागली, तेव्हा मी सरळ म्हटलेलं, माणूस बोलवू, वरून दगडाच्या पातळ पट्ट्या बसवून घेऊ, विषय संपला. पण बाबा जन्मभर गवंडी. स्वतः बांधलेल्या भिंतीला परक्या गवंड्याचा हात लावू देणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. त्यांचे हात आता थरथरतात. म्हणजे उरलो मी, डोंबिवलीत ऑफिसची खुर्ची झिजवणारा. मनातून भयंकर चिडलेलो, तरी दर रविवारी जात राहिलो.

बाबा अंगणात बसून हुकूम सोडत. आधी सगळ्या भिंतीला छिन्नीने टोचे मार, गुळगुळीत रंगावर सिमेंटचा मसाला धरत नाही. पट्ट्या खालून वर लावत ये. प्रत्येक पट्टी हातोड्याच्या दांड्याने वाजवून बघ, पोकळ वाजली तर काढ. माझ्या हातांना फोड आले, त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

याच भिंतीत, दाराच्या उजवीकडे, प्लास्टरमध्ये आईच्या पंजाचा ठसा होता. घर बांधलं तेव्हा प्लास्टर ओलं असताना बाबांनी तिचा हात तिथे टेकवून घेतलेला. घरच्या बाईचा हात लागल्याशिवाय भिंत पुरी होत नाही, असं ते म्हणत. आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबा बाहेर पडताना अजून त्या ठशावर हात ठेवतात, मगच पायरी उतरतात. तेवढी जागा उघडी सोडू, असं मी सुचवून पाहिलं. मध्ये खड्डा राहिला की पाणी तिथूनच शिरेल, एवढंच ते म्हणाले.

त्या जागी मात्र माझी छिन्नी उचलेना. आईच्या तळहातावर घाव कसा घालायचा? बाबा चहा ठेवायला आत गेले, तेवढ्यात मी रंगावरच मसाला थापला आणि पट्ट्या चिकटवून टाकल्या. वाजवूनही बघितल्या नाहीत. त्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, हो, मारले टोचे. बापाशी चक्क खोटं बोललो, आणि वर आईला जपलं म्हणून स्वतःवर खूश.

पुढच्या रविवारी गेलो तर बाबांच्या मनगटाला फडकं बांधलेलं. बाहेर पडताना सवयीने भिंतीवर हात टेकला आणि चार पट्ट्या मसाल्यासकट सुटून मनगटावर आल्या. डोक्यात पडल्या असत्या तर?

ते मला भिंतीसमोर घेऊन गेले. आईचा पंजा पुन्हा उघडा पडलेला, जसाच्या तसा.

"इथे टोचे मारले नाहीस."

"आईचा हात आहे, बाबा."

त्यांनी छिन्नी-हातोडा मागून घेतला. आधी आपला पंजा तिच्या पंजावर ठेवला आणि तसेच उभे राहिले. मग पहिला घाव घातला. मला बघवेना. तीन-चार घाव झाल्यावर त्यांनी हातोडा माझ्या हातात दिला.

"हात थरथरतात ते खरंय रे," ते म्हणाले, "पण बाकीची भिंत मी केली असती. इथे घाव घालणं एवढंच जमलं नसतं, म्हणून तुला सांगितलेलं."

उरलेले टोचे मी मारले. रडत होतो, तरी एक जागा सोडली नाही.

भिंत आता कोरडी आहे. सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसतात, ती नेमकी जागा मला सापडत नाही. बाबा मात्र निघताना न बघता हात ठेवतात आणि मग पायरी उतरतात.