बक्षिसाचं सागवान

सिल्वासाला रेल्वे जात नाही. तरीही आजोबांच्या रेल्वेतल्या नोकरीचा माग काढायला मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथेच गेलो. नव्वदच्या दशकातली, थंडीच्या दिवसांतली ही गोष्ट. रुळांखाली टाकायचे लाकडी स्लीपर पूर्वी तिथल्या जंगलातून जायचे आणि ते तपासायला रेल्वेने आजोबांना ठेवलं होतं.

अण्णांची साठी जवळ आली होती. समारंभात वडिलांबद्दल चार शब्द बोलायचे, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. पण आजोबा गेले तेव्हा अण्णा अगदी लहान होते. मागे उरला एक फोटो आणि आमचा झोपाळा, सागाच्या दोन जाड फळ्यांचा. ‘रेल्वेने बक्षीस दिलेलं लाकूड,’ असं अण्णा येईल त्याला सांगत. आम्ही बहिणी त्याच्याखाली लोळून खडूने फुली-गोळा खेळायचो. फळ्यांवर एकेक फुली आधीच कोरलेली होती, तेवढीच आमची मेहनत वाचायची!

मुंबईहून जाणार असाल तर वापीला उतरा, बाहेर शेअर रिक्षा मिळतात. आम्ही नाशिकहून पेठमार्गे एसटीने गेलो. घाटभर अण्णा खिडकीशी बसून भाषण पाठ करत होते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे भाऊजी, जवळच्या नरोलीच्या कारखान्यात इंजिनिअर, राहायला सिल्वासातल्याच आमलीत. खाणावळीत गोड डाळ ताटात पडली तेव्हा अण्णांनी तोंड वाकडं केलं. भाऊजी तिखटाची वाटी पुढे सरकवत म्हणाले, “अण्णा, इथे असंच चालतं. थोडं मरचूं लावा, सवय होईल.”

सकाळी भाऊजींनी रिक्षा ठरवून दिली आणि आम्ही रांध्याला पोचलो. शेतांच्या कडेला एका अंगणात एक म्हातारे बाबा दोर वळत बसले होते. तरुणपणी ते आपल्या वडिलांबरोबर स्लीपर तासायचे, असं भाऊजींकडून समजलं होतं. अण्णांनी फोटो पुढे केला. “मी यांचा मुलगा.”

बाबांनी फोटो लांब धरला आणि हसले. “फुलीवाला सायेब!”

अण्णा खुलले. माझ्याकडे वळून म्हणाले, “बघ, फुलांचा शौक होता त्यांना. कोटाला फूल लावत असणार.” भाषणाला सुरुवात मिळाली होती.

“फूल नाय, फुली,” असं म्हणत बाबांनी काडीने धुळीत दोन रेघा एकमेकींवर ओढल्या. “आमचे बापाचं लाकूड एकदम चोख. पन सायेब फुली मारी, बोले, नापास. नापासाचा पैसा नाय. मंग तेच लाकूड सायबाचे गाडीत.”

ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आम्हाला कोरा चहा दिला. अण्णांचा कप हातातच राहिला. माझ्या डोळ्यांसमोर झोपाळ्याखालच्या दोन फुल्या आल्या आणि कानशिलं तापली. अण्णांनाही त्या आठवत होत्या, त्यांच्या खाली गेलेल्या मानेवरून कळत होतं.

निघताना बाबांनी अण्णांचा हात धरला. “लाकूड हाय का अजून? बापाचं लाकूड सडायचं नाय.”

त्यांना फक्त एवढंच हवं होतं. एक ‘हो’ म्हटलं असतं तर म्हाताऱ्याचा जीव सुखावला असता.

“कल्पना नाही,” अण्णा म्हणाले आणि रिक्षात जाऊन बसले. मी शेजारी बसले. रिक्षावाल्याला निघायला मीच सांगितलं.

सिल्वासा छान आहे, हिरवं आहे, खर्चही फार होत नाही, जरूर जा. आम्ही मात्र पुन्हा गेलो नाही.

साठीला अण्णांनी भाषण केलं नाही. ‘घसा बसलाय,’ म्हणाले. जेवणं झाल्यावर त्यांचे एक जुने स्नेही झोपाळ्यावर टेकले आणि फळीवरून हात फिरवत म्हणाले, “काय लाकूड आहे हो! अजून एक तडा नाही. कुठलं?”

अण्णा खाली बघत राहिले. सगळे थांबले होते.

“रेल्वेने बक्षीस दिलेलं,” मी म्हणाले.