कॅलेंडरात न घातलेली दिवाळी

पुष्पाबाईंचा पहिला प्रश्न तब्येतीचा नसे. नाव घालायला आलेली बाई दवाखान्याच्या पायरीवर चपला काढत असतानाच त्या विचारत, "नवरा दिवसपाळीले का रातपाळीले?" कितवा महिना, पाय सुजतात का, चक्कर येते का, हे सगळं मागाहून. नवखी बाई बावरून जाई. आपण आलो बाळंतपणासाठी, आणि या बाईला आपल्या नवऱ्याच्या कारखान्याची काय पडलीय, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसे.

पण पुष्पाबाईंना पडलेली होती, आणि ती उगीच नव्हे. सुरतेच्या उधन्यातल्या लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, बारा-बारा तासांच्या पाळ्या. दर पंधरवड्याला दिवसाची माणसं रात्रीला जायची आणि रात्रीची दिवसाला. रातपाळीचा माणूस सकाळी घरी येऊन जेवला की आडवा होणार, तो चार वाजता उठणार. घर म्हणजे एक खोली. मग त्याची बायको उंबऱ्यावर बसून त्याच्या झोपेची राखण करते. भंगारवाल्याला हातानेच पुढे जा म्हणायचं, पोरांना गल्लीच्या टोकाला हाकलायचं, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. झोप अपुरी राहिली आणि रात्री मागावर डुलकी लागली तर बोटं जायला किती वेळ लागतो! पुष्पाबाईंनी स्वतः नवऱ्यासाठी, बन्सीलालसाठी, बावीस वर्षं असा उंबरा राखला होता. एकदा तर लग्नाच्या वरातीतल्या बँडवाल्याशी भांडून त्याला वळसा घालून जायला लावलं होतं. त्या उंबऱ्यावरून बाई उठत नाही. डॉक्टरने बोलावलं तरी नाही, आणि तोंडावर "येत नाही" असंही म्हणत नाही. मान डोलावते आणि घरी राहते.

म्हणून पुष्पाबाई दिवसपाळीवाल्यांच्या बायकांना सकाळी अकराची वेळ देत आणि रातपाळीवाल्यांच्या बायकांना दुपारी चारनंतरची. दीडेकशे बायका, त्यांचे दीडशे नवरे, त्यांच्या फिरत्या पाळ्या, सगळं डोक्यात. शिक्षण चौथीपर्यंत, अमळनेरकडच्या एका खेड्यात. दवाखान्यातली त्यांची जागा आयाबाईची, म्हणजे फरशी पुसण्यापासून बाळाला पहिली आंघोळ घालण्यापर्यंत सगळी. पण नयनाबेन डॉक्टरांना कुणी तारीख विचारली तर त्या मान वर न करता म्हणत, "पुष्पाबेनने पूछो."

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात डॉक्टरबेनच्या भावाने दवाखान्यात कॉम्प्युटर आणून बसवला. त्याच्याबरोबर वर्षा आली. बाप धुळ्याचा, पण पोरगी जन्मली वाढली सुरतेत. घरी मराठी, मैत्रिणींशी गुजराती आणि चिडली की हिंदी. तिने कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. आल्या आल्या तिने कॉम्प्युटरातलं कॅलेंडर उघडलं आणि अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळींत पेशंटांची नावं टाईप करायला सुरुवात केली. झालं, शेजारपाजारच्यांना वाटलं आता पुष्पाबाईंचं नाक कापलं गेलं, त्या तोंड फिरवून बसणार.

बसतात कसल्या! त्या फडकं हातात घेऊन खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या ते हलेचनात.

"हाई काय शे वं?"

"कॅलेंडर आहे, मावशी. हा आजचा दिवस. ही घंटा दिसतेय ना, ती लावली की वेळ झाल्यावर ते आपल्याला आठवण देतं."

"भिंतवरलं काय वाईट व्हतं?"

"भिंतीवरचं बोलतं का?"

हे पटण्यासारखं होतं. तरी पुष्पाबाईंनी त्याची परीक्षा घेतली. आपला मुलगा कुंदन, त्याचा जन्म झाला तो वार कोणता, सांग म्हणावं त्याला. पंधरा ऑगस्ट, बहात्तर. वर्षाने महिने मागे मागे नेले आणि मंगळवार दाखवला. पुष्पाबाई खूश. मंगळवारच होता, त्या दिवशी गावचा बाजार होता आणि सुईण बाजारातून बोलावून आणावी लागली होती. मग त्यांनी पुढे जायला सांगितलं. दोन हजार दहा, वीस, तीस. तिथेही सोमवार होते, मंगळवार होते, सगळे कोरे. "मी मरेल व्हसू तव्हाचा सोमवार भी शे का याना जोडे?" असं म्हणून त्या इतक्या मोठ्याने हसल्या की आतून डॉक्टरबेन बाहेर आल्या.

त्या दिवसापासून त्यांना कॅलेंडरचं वेडच लागलं. वीज गेली तर आत लिहिलेलं सांडतं का? नाही सांडत, पण वीज आली की राहिलेल्या सगळ्या घंटा एकदम वाजतात. घंटा वाजली आणि आपण कामात असलो तर? तर त्याला पाच मिनिटांनी पुन्हा आठवण कर म्हणून सांगता येतं, आणि ते न चिडता पाच मिनिटांनी पुन्हा सांगतं. हे ऐकून पुष्पाबाई म्हणाल्या की इतकं शहाणं माणूस त्यांच्या सासरी एकही नव्हतं.

शहाणपणाची मर्यादा मात्र दोन आठवड्यांत कळली. घंटा वाजायच्या, पडद्यावर नावं यायची, आणि दारात कुणी नसायचं. वर्षा रडकुंडीला आली. डॉक्टरबेनने तिला दोन शब्द सुनावले. पुष्पाबाईंनी पडद्यावरची नावं एकेक करून वाचून घेतली आणि कपाळाला हात लावला. अकराच्या ओळींत निम्म्या बायका रातपाळीवाल्यांच्या होत्या. त्यांनी वर्षाला उंबऱ्याची गोष्ट सांगितली. कॉम्प्युटरच्या कोर्सात ती कुणी शिकवली नव्हती.

"पण मावशी, हे कॅलेंडरला शिकवता येईल," वर्षा म्हणाली. "पाळी दर चौदा दिवसांनी बदलते असं सांगितलं की ते आपोआप पुढे लिहीत जातं. वर्षभर."

"वरीसभर? आपलंआपण?"

मग आठवडाभर दुपारी, दवाखाना बंद असताना, दोघी जणी बसल्या. पुष्पाबाई डोळे मिटून सांगत, वर्षा टाईप करी. अमकीचा नवरा या पंधरवड्यात दिवस, पुढच्यात रात्र. तमकीचा उलट. डोक्यातलं सगळं त्या पडद्यावर उतरलं. वर्षाने बटण दाबून सप्टेंबर दाखवला, ऑक्टोबर दाखवला, थेट पुढचा मार्च दाखवला. दिवसाला पिवळा रंग, रात्रीला निळा. पुष्पाबाई बघत राहिल्या. इतकी वर्षं आपण हे सगळं एकटीने उचललं होतं, हे त्यांना ते खाली ठेवल्यावर कळलं. डोकं हलकं झालं, आणि सरळ सांगायचं तर त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला.

आता बायका वेळेवर येऊ लागल्या. पायरीवर विचारायचं काही कारणच उरलं नाही. वर्षा पडदा बघून वेळ सांगे आणि पुष्पाबाई थेट पाय सुजलेत का इथून सुरुवात करत.

रुक्मिणी नवरात्राच्या सुमारास आली. परभणीकडची, तिचा नवरा श्रीरंग लूमवर, राहायला डिंडोलीला. आदल्या वर्षी गावी तिचं आठव्या महिन्यात मूल गेलं होतं. झटका आला, आणि तालुक्याला नेईपर्यंत सगळं संपलं. ती स्वतः कशीबशी वाचली. आता पुन्हा सातवा लागला होता आणि रक्तदाब चढता होता. डॉक्टरबेनने पुष्पाबाईंना आत बोलावून बजावलं, "आ बाई दर मंगळवारे आववी जोइए. एक पण मंगळवार चुकला नाही पाहिजे." पुष्पाबाईंनी तिच्या नावाला दर मंगळवारची घंटा लावून घेतली. रुक्मिणी फार बोलत नसे. जे सांगाल त्याला मान हलवी. जाताना दर वेळी एकच विचारी, "ह्ये तरी ऱ्हाईल ना, मावशी?" आणि पुष्पाबाई म्हणत, राहील.

दिवाळी आली. पंधरा दिवस सगळे कारखाने बंद. ज्याला गावी जाता आलं तो गेला. श्रीरंग आणि रुक्मिणी मात्र डॉक्टरांच्या धाकाने इथेच थांबले. कारखाने उघडले, दवाखाना पुन्हा भरू लागला, घंटा वाजत राहिल्या. पहिला पंधरवडा सुरळीत गेलासा वाटला. रुक्मिणीला दोन्ही मंगळवारी चारची वेळ होती, ती दोन्ही मंगळवारी आली. पुढच्या मंगळवारी पडद्यावर तिच्या नावाशी पिवळा रंग होता, म्हणून वर्षाने अकराची वेळ सांगितली. रुक्मिणीने मान हलवली.

त्या मंगळवारी अकराला घंटा वाजली. वर्षाने पाच मिनिटं म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाजली. पुन्हा पाच मिनिटं. पुष्पाबाई दारापर्यंत जाऊन आल्या. कारण काय असावं? रिक्षा मिळाली नसेल. नळाला पाणी आलं असेल. पिवळा रंग तर आहे, नवरा कामावर आहे. मग अडलं कुठे? चौथ्यांदा घंटा वाजली तेव्हा पायरीवर निंबा उभा होता. श्रीरंगच्याच कारखान्यातला कारागीर, बायकोच्या रक्ताचा रिपोर्ट न्यायला आलेला. डोळे लाल, केसांत कापसाची बारीक कुसं.

"काय रे, कामवर नही का आज?"

"सकायलेच सुटेल शे, मावशी. रातपाळी शे ना मनी. आते हाऊ कागद लिसू आन घर जाईसन झोपसू."

"आनि श्रीरंग?"

"तो भी मनासंगेच. तो तं कव्हळचा झोपी गया व्हई."

पुष्पाबाई वळून पडद्याकडे गेल्या. पिवळा. निंबाच्या नावाशीही पिवळाच. त्यांनी वर्षाच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरी, दिवाळी कोठे शे ह्यामा?"

दिवाळी कुठेच नव्हती. पंधरा दिवस एकही माग हलला नव्हता, पण कॅलेंडरने तेवढ्या दिवसांची एक पाळी मोजून टाकली होती. आणि उधन्यात सुट्टीआधी ज्यांनी रात्र काढली त्यांना उघडल्यावर दिवस मिळतो, हा रिवाज. त्यामुळे सगळं उलटं झालं होतं. पहिल्या पंधरवड्यात कळलं नाही, कारण दिवसपाळीवाल्याची बायको चारलाही येऊ शकते, आणि अकराला ज्या आल्या नाहीत त्या अजून गावीच असतील असं वाटलं होतं. आता कळत होतं. यात यंत्राचा काय दोष? त्याला माहीत होतं तेवढं त्याने इमानाने केलं. पुष्पाबाईंना तर दिवाळी माहीत होती. पायरीवर उभ्या असलेल्या बाईला एका वाक्यात विचारलं असतं तरी पुरे होतं, आणि तेच विचारणं त्यांनी बंद केलं होतं.

त्या फडकं टाकून तशाच निघाल्या. रिक्षावाल्याला म्हणाल्या, डिंडोली, आणि मध्ये कुठे थांबायचं नाही.

रुक्मिणी उंबऱ्यावर बसली होती. तोंड सुजलेलं, पाठ चौकटीला टेकलेली, एक हात कपाळावर. पुष्पाबाईंना बघून तिने आधी काय केलं असेल, तर ओठांवर बोट ठेवलं. आत श्रीरंग घोरत होता.

"डोकं दुखस का?"

"सकाळपासून," ती कुजबुजली. "आन् डोळ्यांपुढं काजवे चमकायलेत. तुम्ही हळू बोला ना मावशी, ते आत्ताशी झोपलेत."

पुष्पाबाईंनी तिला उठवून रिक्षात घातलं. श्रीरंगला हाक मारली नाही. हाक मारायला लागणारा वेळही त्यांना परवडणारा नव्हता. शेजारणीला तेवढं सांगितलं की तो उठला की पाठवून दे. वाटेत रुक्मिणीचा हात त्यांच्या हातात होता आणि त्या बडबडत होत्या, काहीबाही, अमळनेरच्या बाजाराचं, कुंदनच्या जन्माचं, फक्त तिने डोळे मिटू नयेत म्हणून.

एक वाजता पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. जेमतेम दोन किलोची, पण रडली, आणि चांगली कडकडून रडली. पहिली आंघोळ घालायची नव्हती, बाळाला काचेच्या पेटीत ठेवायचं होतं. पुष्पाबाई तिला पुसून देऊन बाहेर आल्या आणि बाकावर बसून पदर तोंडाला लावून रडल्या. वर्षाने पाणी आणून दिलं. डॉक्टरबेन हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चार वागे लाव्या होत ने, तो बन्ने गया होत. दोघी पण गेल्या असत्या."

पाच वाजता श्रीरंग आला, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. त्याने पेटीतली मुलगी पाहिली. मग तो रुक्मिणीच्या खाटेशी गेला. ती जागी झाली होती.

"मला उठवलं का न्हाईस?"

"रातची पाळी व्हती ना तुमची," ती म्हणाली. "म्हणलं, चारला उठताल, मग जावं."

तो तसाच बाहेर आला. पुष्पाबाईंनी त्याला सगळं सांगितलं. कॅलेंडरचं, दिवाळीचं, आपल्या चुकीचं, आणि डॉक्टरबेन चार वाजण्याबद्दल जे म्हणाल्या होत्या तेही. तो भिंतीला धरून उभा होता. पुष्पाबाईंना वाटलं आता हा ओरडेल, आणि ओरडला असता तर त्यांना बरंच वाटलं असतं.

"माझं काय वो, मावशी," श्रीरंग म्हणाला. "झोप मोडली असती तरी मी परत झोपलो असतो की."