मेणाचं नाक

आबांच्या गुऱ्हाळावरून कुणी रस न पिता गेला, असं सहसा होत नसे. कन्हेरीच्या वाटेनं जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारायची, सावलीला बसवायचं, पेला हातात द्यायचा. एकदा माझ्या हातून पेला घेता घेता एका म्हातारीनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हात मागं घेतला.

"पोरा, तुला रक्तपिती हाय का रं?"

"न्हाय आजी. ल्हानपणी चरकाचं लाकूड बसलं हुतं नाकावर."

"आसंल बाबा," म्हणाली, आणि तशीच कोरडी उठून गेली.

मी सांगितलं ते खरं होतं. कागलच्या अंगाला आमचं गाव. तिथं चरकाचे बैल हाकताना ते फिरतं लाकूड मला लागलं. नाक सुजलं, पू झाला, आणि सूज उतरली तेव्हा नाकाचा उंचवटाच खाली बसला होता. त्या दुखण्यात चौथीतून शाळा सुटली ती सुटलीच. पण बसकं नाक दिसलं की लोकांच्या मनात महारोगच येतो. घरी बहीण लग्नाची होती. तिला बघायला आलेले पाहुणे मला बघून उठायचे. म्हणून गुळव्यांच्या टोळीबरोबर मी इतका लांब, बारामतीकडं आलो, आणि टोळी परत गेली तरी मागं राहिलो.

आबांनी ठेवून घेतलं. चुलवाणात पाचट सारता सारता, काहिलीतला रस कधी गूळ होतो ते त्यांनी मला ओळखायला शिकवलं. पुढं मला गुळव्या करायचं त्यांच्या मनात होतं. आबांच्या बायकोला मी काकी म्हणायचो; त्या घरच्यांच्या पंगतीत माझं पान मांडायच्या. माझ्यासारख्या परमुलखातल्या पोराला याहून काय पाहिजे? आणि म्हणूनच मला धास्ती. त्या म्हातारीचं बोलणं बारामतीच्या पेठेत पोचलं, तर आबांच्या गुळाला हात कोण लावणार?

इंदापूरच्या बाजाराला एक डॉक्टर येतो, बसलेली नाकं वर करतो, असं अंथुर्ण्याच्या एका गाडीवानानं सांगितलं. काकींना बाजाराचं निमित्त सांगून मी एस.टी.त बसलो.

डॉक्टरनं धर्मशाळेच्या खोलीत खाट टाकली होती. स्टोवर पाणी, पाण्यात वाटी, वाटीत पातळ झालेलं पांढरं मेण. ते मेण नाकात भरायची सुई चांगली जाडजूड.

"दुखंल का वो?"

"नाक पाहिजे ना? मग सोस थोडं."

"आन् टिकंल किती दिस?"

"जन्मभर. तू सरणावर आडवा होशील, पण नाक उभं राहील!"

दारात खोळंबलेली माणसं हसली. मीही हसलो. एवढं टिकणारं मेण उद्या काही बिनसलं तर बाहेर निघेल का, हे विचारायचं मला सुचलं नाही. तो बोटांनी नाक घडवत होता, वर गार पाण्याची पट्टी ठेवत होता, आणि मला गुळाची ढेपच आठवत होती. कढत ओतायचं, साच्यात निवू द्यायचं, झालं काम. ढेप जाळाजवळ राहिली तर तिचं काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण ते मी माझ्या नाकाला लावून पाहिलं नाही.

"आगं बया, नाकाडं आलं की रं तुला!" मी परतलो तेव्हा काकी म्हणाल्या.

आबा म्हणाले, "कुणाचं चोरलंस? पोलीस येत्याल."

तो हंगाम सुखाचा गेला. लोक माझ्या हातून रस घेत होते. मी गावाकडं सांगावा धाडला, की बहिणीला स्थळ बघा, पुढच्या हंगामानंतर मी येतो, आता पाहुण्यांसमोर बसायला लाज नाही.

पुढच्या हंगामात चुलवाण पेटलं आणि माझ्या नाकात ठणका सुरू झाला. आधी कातडी लाल झाली, मग जांभळी. नाक बोटाला मऊ लागायचं. हळूहळू मेण कडेला सरकलं, डोळ्याच्या कोपऱ्यात गाठ आली, मग गालावर दुसरी. मी गाठी बोटांनी दाबून नाकाकडं ढकलायचो, रक्त येईपर्यंत. ओला पंचा बांधून जाळापुढं बसायचो. आरशात बघितलं की वाटायचं, आता रक्तपिती नाही असं कोणत्या तोंडानं म्हणू?

पेठेतून अडत्याचा माणूस आला. तो आबांना म्हणाला, "ह्या गड्याला काहिलीपासून हलवा. न्हायतर तुमचा गूळ आमच्या दारात नको."

आबा मला म्हणाले, "चल, पुण्याला."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले, गालावर कापूस फिरवला, टाचणी टोचली. रक्तपितीत कातडी बधिर होते, म्हणून प्रत्येक वेळी मी ओरडून सांगितलं, लागतंय, लागतंय.

"रक्तपिती नाही," ते म्हणाले. मी त्यांचे पाय धरले.

"ऊठ. पुढचं ऐक. मेण मांसात मुरलंय, सगळं निघणार नाही. निघेल तेवढं काढू. नाक पहिल्यापेक्षा खाली बसेल, व्रण राहतील. नाही काढलं तर डोळ्याला धोका."

आबांनी विचारलं, "त्येच्या जागी दुसरं काय बसवता येत न्हाय का?"

"त्याचंच हाड बसवलं असतं. मेण घालायच्या आधी आणला असतात तर."

परत जाळापुढं बसता येईल का, ते मी विचारलं. "जाळ विसर," ते म्हणाले.

निघालं तेवढं मेण काढून परतताना आबा बारामतीत उतरल्यावर बोलले, "रोग न्हाय, ह्ये मी साऱ्या पेठेला सांगीन. पर लोक डाक्टरचं ऐकत न्हाईत, तोंड बघत्यात. गुऱ्हाळावर न्हाय रं बसवता यायचं तुला."

"व्हय आबा."

"उसाला पाणी द्यायला माणूस लागतंय. मळ्यात ऱ्हाशील?"

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो. दुसऱ्या कुणी एवढंही विचारलं नसतं. मग त्याच आठवड्यात गावाकडं जाणारा एक गुळव्या गाठला. तोंडावर पंचा धरूनच त्याच्यापाशी निरोप दिला: बहिणीचं लग्न ठरलं तर उरकून घ्या, माझ्यासाठी थांबू नका. मी आता गुळव्या झालोय, हंगामात काहिलीवरून हलता येत नाही.