निघोज्याच्या सम्राटची तपासणी

निघोज्याच्या उद्धवरावांची जमीन कंपनीत गेली, तसे त्यांनी बैल विकले आणि कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या. पण दारात जनावर नाही म्हणजे गावात वजन नाही, हे त्यांच्या मनातून जाईना. म्हणून त्यांनी खिल्लार वळू आणला आणि त्याचं नाव ठेवलं सम्राट. खोल्यांच्या मागं चहूबाजूंनी बंद अशी पत्र्याची शेड उभी राहिली. रोज बदाम, अंडी, तूप असा खुराक, आणि रंग रापेल म्हणून बाहेर फिरवणं बंद. सम्राटच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागला, त्यावर वळूपेक्षा उद्धवरावांचा फोटो मोठा होता.

पहिल्या वर्षी आसपासच्या गायी गाभण राहिल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र तीन आठवडे झाले, की प्रत्येक गाय पुन्हा माजावर येऊ लागली.

खोल्यांमधल्या कामगारांना दूध घालणाऱ्या यशोदाबाई आपली हरणी गाय चौथ्यांदा घेऊन आल्या.

"वांझ हाय ती. बाजार दाखवा," उद्धवरावांनी निकाल दिला.

"दोन वेतं झाली तिची, भाऊ. वांझ कशी व्हईल?"

"गाईतच खोट हाय. सम्राटमधी असंल का?"

यशोदाबाईंनी जड मनानं चाकणच्या बाजाराची तयारी केली. विक्रीच्या दाखल्यासाठी जनावरांच्या डॉक्टर मैत्री आल्या. त्यांनी हरणीला नीट तपासलं आणि म्हणाल्या, "गाय ठणठणीत आहे. आता वळू बघू."

उद्धवरावांना हा आपलाच अपमान वाटला. पण नाही म्हणावं तर गाव शंका घेणार. शेवटी प्रमाणपत्र मिळेल या हिशेबानं त्यांनी स्वतःच चार माणसं बोलावली. डॉक्टरांनी सम्राटच्या वीर्याचा नमुना घेऊन थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, पाहिला आणि बाजूला सरकल्या. उद्धवरावांनी डोळा लावला.

"काय दिसतंय?"

"कायच हलत न्हाई."

"हलायला हवं होतं. या शुक्रपेशी आहेत. बऱ्याच मेल्यात, उरलेल्यांच्या शेपट्या वाकड्या."

"एवढा खुराक देऊन?"

"खुराकामुळंच. या पेशी घडायला अंगापेक्षा थंड जागा लागते. वर तापलेला पत्रा, खाली वृषणांभोवती खुराकाची चरबी, मग थंडावा कुठून मिळणार? घडायला दोन महिने जातात. आता जूनमध्ये तुम्ही बघताय ते एप्रिलचं ऊन आहे."

चार माणसं खोकली. उद्धवराव तडक यशोदाबाईंच्या दारात गेले. चप्पल काढायलाच त्यांनी बराच वेळ घेतला.

"हरणी इकू नका."

"का वो?"

"खोट आमच्यात हाय." लगेच कान लाल झाले. "म्हंजे सम्राटमधी!"

यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही झाकलं गेलं नाही.

शेडच्या भिंतींचे पत्रे निघाले, छपरावर गवत अंथरलं गेलं, बदाम बंद झाले. रोज सकाळी सम्राटला इंद्रायणीपर्यंत चालवायचं काम उद्धवरावांवरच आलं, कारण एवढं जनावर दुसऱ्या कुणाचं ऐकेना. सप्टेंबरच्या नमुन्यात पेशी झपाझप पोहताना दिसल्या. दिवाळीनंतर हरणी गाभण असल्याचं डॉक्टरांनी हातानं तपासून सांगितलं. यशोदाबाईंनी त्यांना तांब्याभर दूध दिलं, उद्धवरावांना चहा.

हल्ली शिफ्टवरून दमून आलेल्या भाडेकरूला उद्धवराव दारातच गाठतात आणि शुक्रपेशीला शेपूट कशाला असते ते समजावतात. भाडेकरू बिचारा मान डोलावतो. खोली त्यांचीच आहे.