पोस्टमनची मांडी

आमची ही डॉक्टर आहे, पण शेजारी खोकला घेऊन आले तर दारातूनच म्हणते, "तुकडा कापून आणा, मग सांगते." थट्टा वाटते ना? पण हिचं कामच ते. गाठीचा तुकडा, त्याचा पातळ काप काचेवर, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली ही. कॅन्सर आहे की नाही ते ही ठरवते, आणि पेशंटला हिचं तोंडही माहीत नसतं. लग्नानंतर माझी आई विचारून विचारून थकली, "सूनबाई, दवाखाना कधी काढणार?"

त्यात हिला हाडाच्या कॅन्सरवर संशोधनाचं खूळ. जेवताना गाठी, झोपताना गाठी. माणसानं घास गिळायचा कसा, सांगा!

एकदा एका तरुण पोस्टमनच्या मांडीतल्या गाठीची काच आली. हिच्या दोन वरिष्ठांनी कॅन्सर सांगून टाकला होता, पाय कापायचंही ठरलं होतं. हिनं पाहिलं, तर पेशी अगदी चवताळलेल्या.

"तुमच्या संशोधनाला हवा तसाच नमुना आहे मॅडम," सहकारी म्हणाला. "करा सही."

पण हाडाची काच ताज्या एक्स-रेशिवाय वाचायची नाही, हा हिचा हट्ट. होता तो एक्स-रे जुना. "नवा काढा," ही म्हणाली. सर्जन तडकले. मग ही स्वतःच वॉर्डात गेली.

"मांडीला मार लागला होता का?"

"छे," पोस्टमन बायकोकडे बघत म्हणाला.

हिनं बायकोला पाणी आणायला पिटाळलं. "हं, आता बोला."

"फुटबॉल," तो कुजबुजला. "गोलकीपरचा गुडघा बसला. खेळणार नाही म्हणून बायकोची शपथ घेतलीय. तिला सांगू नका."

"अरे बाबा, पाय जातोय तुझा!"

मुका मार बसलेला स्नायू कधीकधी स्वतःच हाड तयार करू लागतो. मधोमध पेशींचा नुसता धुडगूस, हुबेहूब कॅन्सर. कडेला मात्र शहाण्यासारखं हाड. तुकडा नेमका मधला काढला गेला होता. कडेचं हे हाड धरायला काही आठवडे लागतात; हिनं हट्टानं काढायला लावलेल्या नव्या एक्स-रेत गाठीभोवती हाडाचं कवच लख्ख दिसलं. हिनं रिपोर्टवर लिहिलं, कॅन्सर नाही.

लिहिलं खरं, पण पुढं कित्येक दिवस हिचा जीव थाऱ्यावर नव्हता. चुकली असती तर पोराचा जीवच गेला असता. गाठ वाढली नाही. हळूहळू आक्रसत गेली.

मग एके दिवशी तो बायकोला घेऊन जिने चढून थेट लॅबमध्ये आला. तिथं पेशंट कधी येत नाहीत. बायको म्हणाली, "फुटबॉलचं यांनी सगळं कबूल केलं. आता मीच मैदानाच्या कडेला बसते. पाय मोडायचाच झाला तर मीच मोडेन." हिनं त्याला दारापर्यंत चालून दाखवायला लावलं, परत यायला लावलं, पुन्हा चालायला लावलं.

घरी येऊन मला म्हणाली, "अहो, इतकी वर्षं माणसांचे तुकडेच बघत आले. आज एक अख्खा बघितला." आणि रडायलाच लागली.