अंजनाबाईचा उलटा छेरछेरा

आमच्या सासूबाईले दोन नावं आहेत. पाऱ्यातले, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले, पोट्टे तिले 'खेळवाली दादी' म्हणतात. बुद्ध विहाराच्या समितीतले भाऊ लोक 'अडेलबाई' म्हणतात, पण तिच्या माघारी. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नाही. मी तिची सून, भावना. मी तिले मनात काय म्हणते ते सांगत नाही, घरातलं घरात राहू द्या.

खरं नाव अंजनाबाई. माझे सासरे भैय्यालाल गोंदियाकडून आले, इथं रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर झाले अन् रायपूरचेच होऊन गेले. ते वारल्यावर बाईनं सरकारी शाळेत पोट्ट्यांचं दुपारचं जेवण शिजवलं, अंग थकेपर्यंत. तिथंच या खेळाची सुरुवात झाली. पोट्टे अर्धा भात ताटात टाकून पळायचे. गुरुजी ओरडायचे, "हात जोडा, डोळे मिटा, अन्नाचे आभार माना!" पोट्टे हात जोडायचे, एक डोळा मिटायचे अन् दुसऱ्यानं वरणातला बटाटा कोणाच्या वाटीत गेला ते पाहायचे.

"हे काय आभार आहेत का, बाप्पा?" सासूबाई म्हणायची. "ही तर कवायत झाली."

मग तिनं खेळ काढला. घास वर धरायचा अन् ओरडायचं, "ह्याच्यात कोणाकोणाचा हात?" पहिला पोट्टा म्हणे, दादीचा. दुसरा म्हणे, राशनवाल्याचा. मग पोतं उचलणारा हमाल, ट्रकवाला, राइस मिलवाला, धान कापणारी बाई, रोपा लावणारी बाई. कोणी बैल म्हटलं की भांडण, कारण बैलाले हात कुठून आले? जो अडला तो बाद, अन् जो बाद झाला त्यानं ताट साफ करूनच उठायचं. बाद होता होता ताटं साफ व्हायले लागली.

नोकरी सुटली, खेळ काही सुटला नाही. आता दर रविवारी विहाराच्या बाजूच्या हॉलमध्ये तिची बालसभा भरते. तिचे नियम एकदम कडक. नुसतं 'थँक्यू' चालत नाही, कशासाठी ते सांगावं लागते. ताठ उभं राहून, समोरच्याच्या डोळ्यात पाहून सांगावं लागते. मान खाली गेली की बाद. माझी रीना तिसरीत आहे, पण या खेळात तिचा हात कोणी धरत नाही. एकदा तिनं नळाचा व्हॉल्व्ह खोलणाऱ्याले रस्त्यात गाठलं. "चाचा, कल आपने पानी देर तक छोड़ा, मेरे बाल धुल गए, धन्यवाद." तो बिचारा घाबरून इकडंतिकडं पाहून राहिला, त्याले वाटलं कोणीतरी तक्रार केली. मग हसला अन् सायकलीची घंटी वाजवत गेला.

अन् छेरछेरा! पौषाच्या पुन्नीले, म्हणजे पौर्णिमेले, इथं नवं धान घरात आल्याचा सण असतो. पोट्टे थैल्या घेऊन 'छेरछेरा' ओरडत दारोदार जातात, घरचे ओंजळभर धान नाहीतर तांदूळ टाकतात. आमचे मराठी पोट्टेही जातात, सणाले काय जात-भाषा लागते? सासूबाई म्हणाली, "सकाळी मागा, दुपारी द्या." म्हणजे सकाळी जमलेल्या तांदळातली एकेक मूठ दुपारी त्या लोकांच्या हातात ठेवायची, ज्यांच्याबिगर आपला पारा चालत नाही. झाला उलटा छेरछेरा.

पहिल्या वर्षी जो गोंधळ झाला, विचारू नका! रस्ता झाडणाऱ्या शर्मिष्ठादीदीच्या दारात पोट्टे गेले. तिनं थैल्या पाहिल्या अन् काही न ऐकता सूपभर तांदूळ आणून ओतले. पोट्टे ओरडून राहिले, "देने आए हैं, दीदी, देने!" कोण ऐकते? छेरछेऱ्याच्या दिवशी दारातून रिकामं पाठवायची रीतच नाही. लाइनमनच्या घरी तेच, दूधवाल्याच्या घरी तेच. द्यायले गेलेले पोट्टे पहिल्यापेक्षा जड थैल्या घेऊन घरी आले. सासूबाई हसून हसून खाली बसली. मग नवा नियम निघाला. आधी समोरच्याले हात पुढं करायले लावायचा, मग बोलायचं.

आता शेठजीकडं येते. माझा नवरा राकेश पंडरीच्या बाजारात एका कपड्याच्या दुकानात काउंटरवर होता. त्या दुकानाचे शेठजी दर हिवाळ्यात आमच्या हॉलमध्ये येऊन पोट्ट्यांले स्वेटर वाटायचे. माणूस वाईट नाही, स्वेटरही चांगले असायचे, खोटं कशाले बोलू? पण रीत अशी होती. स्टेजवर खुर्ची, खुर्चीपुढं पाट, पाटावर शेठजीचे पाय. पोट्ट्यानं यायचं, स्वेटर घ्यायचा, पाय शिवायचे, फोटो. पुढचा पोट्टा.

यंदा सासूबाई स्टेजवर चढली अन् समितीच्या दिवाकरभाऊले म्हणाली, "पोट्टे पाय शिवणार नाहीत."

दिवाकरभाऊंचं तोंड उतरलं. "अंजनाबाई, विहारात वाकतात ना ते?"

"तिथं कोणी फोटो काढून राहिलं का? तिथं मनानं वाकतात. इथं तुम्ही स्वेटर दाखवून वाकवून राहिले."

अन् माइक घेऊन सरळ बोलली, "सेठजी, पाँव रहने दीजिए. हमारे बच्चे पुन्नी के दिन आपके घर आकर धन्यवाद देंगे, अपने तरीके से." पोट्टे एकेक करून आले, 'जय भीम' म्हणाले, स्वेटर घेतला अन् उतरले. शेठजी हसत होते. पाय मात्र त्यांनी हळूच पाटावरून काढून चपलेत घातले.

दुसऱ्या दिवशी राकेश दुकानातून आला. चटईवर बसला अन् जमिनीकडं पाहून बोलला. तो नेहमी जमिनीकडंच पाहून बोलतो, दुकानानं सवय लावली. "शेठजी म्हणाले, अम्मा को समझा दो. घर पर तमाशा हुआ तो दूसरे दिन से दुकान मत आना."

माझं डोकंच फिरलं. "आई! तुमचा खेळ होते अन् माह्या घराची चूल विझते! काहून एवढा हट्ट? एकदा पाय शिवल्यानं पोट्टी झिजते का?"

ती लसूण सोलून राहिली होती. हात थांबले नाहीत. "भावना, लहानपणी माझी माय मालगुजाराच्या दारी ताक मागायले जायची, मी तिच्यासंगं. ते ओट्यावरून गडव्यात ओतायचे, अन् माय खाली वाकून म्हणायची, तुमचं भलं होवो, मालक. घरी येऊन मी ताक प्यायची. माय नाही प्यायची. मी विचारायची, तुले काहून नको? ती म्हणायची, माझं पोट भरलं."

तिनं पुढची पाकळी घेतली.

"स्वेटर गरम आहे," ती म्हणाली. "शेठले आभार भेटलेच पाहिजे. ते बुडवले तर आपण चोर. पण माझी नात वाकली, तर ते आभार नाहीत, ते स्वेटरचं भाडं आहे. भाडं मी देणार नाही."

"अन् घराचं भाडं कोण देईल? तुमची बालसभा?"

"राकेशले विचार," ती म्हणाली. राकेश जमिनीकडंच पाहत होता. मी उठले अन् भांडी आपटली. माझं बरोबरच होतं. नोकरी जाऊन राहिली तर बायकोनं ओरडू नये तर काय आरती करावी? आजही माझं तेच म्हणणं आहे.

पुन्नीच्या सकाळी पोट्टे मागून आले. दुपारी सगळ्यांनी ते स्वेटर घातले, भर उन्हात, घामाघूम, अन् चौबे कॉलोनीकडं, शेठजीच्या बंगल्याकडं, निघाले. पुढं सासूबाई. मीही मागं गेले, पण जुलुसात नाही. शेठजीच्या फाटकापाशी रीनाचा हात धरायचा अन् ओढत घरी आणायची, असं ठरवून गेले होते.

फाटकापाशी पाहते तर काय, राकेश उभा! शेठजीनं त्यालेच उभं केलं होतं. तुझी माय, तुझी पोरगी, तूच थांबव. वा रे शेठजी! मले वाटलं होतं मी सासूवर चिडून आले, पण तिथं माझा सगळा राग शेठजीकडं वळला.

रीना बापासमोर जाऊन उभी राहिली. मूठ बंद. "पापा, हटो ना. हमें थैंक्यू बोलना है."

राकेश खाली पाहून राहिला. सासूबाई जिथं तिथं बोलते, तिथं मात्र तोंडातून अक्षर काढलं नाही. मीही रीनाचा हात धरला नाही. बाजूच्या गच्चीवरून लोक पाहत होते.

"पापा, हटो," रीना परत म्हणाली.

राकेशनं कडी काढली अन् बाजूले झाला.

शेठानीबाई बाहेर आली. थैल्या पाहून तिनं आत जाऊन परातभर तांदूळ आणलेच. "लेने नहीं आए, आंटी," रीना म्हणाली, "देने आए हैं. सेठजी को बुलाइए." शेठजी व्हरांड्यात आले. राकेशकडं एकदा असं पाहिलं की मले वाटलं, गेली नोकरी.

"सेठजी, हाथ आगे कीजिए."

शेठजीनं खिशात हात घातला, नोट काढायले.

"नहीं, खाली हाथ."

शेठजी हलले नाहीत. देणाऱ्या माणसाले हात पसरणं किती जड जाते, ते मी त्या दिवशी पाहिलं. रीनाही हलली नाही. मान ताठ, डोळे त्यांच्या डोळ्यात, मूठ पुढं. मग मागच्या पोट्ट्यांनी सुरू केलं, "हाथ! हाथ! हाथ!" शेठानीबाई तोंडाले पदर लावून हसली. अन् हात आला, बाप्पा. हळूहळू, पण आला.

रीनानं मूठ उघडली. "स्वेटर के लिए. गरम है. सुबह स्कूल जाते टाइम अब ठंड नहीं लगती. बाँह थोड़ी छोटी है, पर चलेगा. धन्यवाद."

मग दुसरा, मग तिसरी. कोणी म्हणालं खिसा आवडला, कोणी म्हणालं रंग आवडला, एक म्हणाली मले लहान झाला तर बहिणीले होईल. एका हातात तांदूळ मावेनात, तर शेठजीनं दुसरा हात लावला. ओंजळ गच्च भरली. आता फोन वाजला तरी घेता येईना, घाम आला तरी पुसता येईना. तांदूळ सांडू नयेत म्हणून ओंजळीवर वाकून ते हळूहळू आत निघाले, तर छोटा यशदीप ओरडला, "सेठजी ने सिर झुकाया! आउट!"

"चूप रे," सासूबाई म्हणाली. "ते सांभाळून नेऊन राहिले. त्याले बाद नसते." पण तिचा चेहरा असा फुलला होता, काय सांगू!

नोकरी गेली. हे मी लपवत नाही, अन् कोणी गोड शेवट ऐकायले बसला असेल तर त्यानं उठून जावं. पुढं राकेशले तात्यापाऱ्यात एक लहान दुकान भेटलं, पगार कमी, अन् महिना संपायच्या आधी मी ते सासूबाईले ऐकवतेच. ती ऐकून घेते. पुढच्या रविवारची तयारीही करते.

पण ज्या दिवशी नोकरी गेली, त्या दिवसाचं सांगून मी थांबते. राकेश दुपारीच घरी आला. मी चुलीपाशी होते, भांडणाची सगळी तयारी करून. तो सरळ तांदळाच्या डब्यापाशी गेला, एक मूठ भरली, अन् अभ्यास करत बसलेल्या रीनासमोर जाऊन उभा राहिला. कापड मोजून मोजून त्याची पाठ थोडी वाकलेली आहे, ती त्यानं सरळ केली.

"हात पुढं कर," तो म्हणाला.

रीनानं दोन्ही हात पुढं केले. मग तिले नियम आठवला. "किसलिए, पापा? बताना पड़ता है."

त्यानं तिच्या डोळ्यात पाहिलं. जमिनीकडं नाही, तिच्या डोळ्यात.

"फाटकावर तू मले 'हटो' म्हणाली," राकेश म्हणाला, "त्याच्यासाठी."